जहाज क्रमांक २५८ वरचा आगवाला

हवल्ली, कुवेत
५ ऑक्टोबर २०२४

मुझफ्फरभाईंना फरहतचा सलाम.

पत्र लिहिण्याचं कारण सरळ सांगते. आमच्या इमारतीला पाडण्याची नोटीस लागली आहे. माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, तोही जानेवारीअखेर संपतो, म्हणजे इथला मुक्काम संपला. त्रेचाळीस वर्षांचं सामान आवरताना तुमच्या अब्बांचा, याकूबचाचांचा एक कागद निघाला. १९७९ पासून तो माझ्याकडे आहे. माझा नाही, म्हणून परत करायचा आहे.

कोणता कागद ते तुम्हाला आठवत असेल. त्या साली जमातीची खलाशांच्या नावांची जुनी वही वाळवीने खाल्ली आणि नवी करायला घेतली. दरवर्षी पावसाळा सरल्यावर, पहिली बोट सुटायच्या आधी, धक्क्यावर ज्या नावांसाठी दुआ होते ती वही. तेव्हा कोणीतरी हरकत घेतली की याकूब होडेकर लढाईत जपान्यांच्या जहाजावर बॉयलरला कोळसा घालणारा आगवाला होता, त्याचं नाव घ्यायचं का? चाचांनी आपले दोन इंग्रजी कागद जमातीपुढे ठेवले आणि ते वाचायला मला बोलावलं. मी नुकतीच बी. एस्सी. झाले होते. पहिला कागद मी वाचला. दुसरा घाईत नीट पाहिला गेला नाही, आणि माझ्याच वहीत राहून गेला.

आता तो वाचून घेतला आहे. माझ्या वरच्या मजल्यावर अभिजीत म्हणून पुण्याचा मुलगा राहतो, शुवैख बंदरात जहाजांची तपासणी करतो. त्याने मदत केली. कागदात चाचांच्या बाजूचं बरंच आहे.

आमच्या इमारतीखाली शिलाईचं दुकान चालवणारा आदिल आपल्याच गावचा. तो सांगत होता की धक्क्यावर खलाशांच्या नावांचा दगड बसणार आहे, एकेचाळीस नावं पक्की झाली आणि त्यात चाचांचं नाव नाही. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ होते. तेव्हा मी यात बोलले तर कोणी आगाऊपणा म्हणू नये.

कागद पाठवू का, आणि कोणाच्या हाती, ते कळवा. पोस्टाने पाठवणार नाही. हे पत्र आदिल घेऊन येतो आहे, उत्तर त्याच्याच हाती द्या. तो चौदा दिवस गावी आहे.

फरहत परकार

•

खारवाडी
२१ ऑक्टोबर २०२४

फरहतला मुझफ्फरचा सलाम.

आदिलने पत्र दिलं, वर खजुराचा डबा दिला. खजूर पोरांनी खाल्ले. पत्र मी चार दिवस उशाखाली ठेवून मग उघडलं. तो म्हणाला, "चाचा, फोन लावून देतो, खालाशी बोला." मी म्हटलं, नको रे बाबा. तिचं बोलणं मी एकदा ऐकलंय, पंचेचाळीस वर्षं पुरलं.

तू लिहितेस, दुसरा कागद नीट पाहिला गेला नाही. माझं तसं नाही गो. मी उर्दू शाळेच्या ओट्याखाली उभा होतो. तुझ्या अंगावर निळी ओढणी होती. तू पहिला कागद वाचलास, सिंगापूरच्या बंदर कचेरीचा, टाइप केलेला: याकूब इब्राहिम होडेकर, आगवाला, चौदा जानेवारी पंचेचाळीस ते एकोणीस मार्च शेहेचाळीस, जपानी रक्षक जहाज क्रमांक २५८ च्या बॉयलरखान्यात कामावर होता. लगेच कोणीतरी ओरडलं, "लढाई तर ऑगस्टात संपली! नंतर कुणाची चाकरी करत होता?" अब्बा म्हणाले, दुसरा वाचा. तू दुसरा उचललास, वर धरलास, खाली धरलास. मग म्हणालीस, "यात विशेष काही नाही."

हे तुझे शब्द. मग आज त्यात विशेष कुठून आलं?

त्यानंतर अब्बा सात वर्षं जगले. दर साली धक्क्यावर जायचे. धुतलेली टोपी घालून कडेला उभे राहायचे. सगळी नावं होऊन दुआ संपली की घरी यायचे आणि विचारायचे, "फरहतचं पत्र आलं का?" तुझ्या लग्नात त्यांनी तुला कागद मागितला होता. तू म्हणालीस, "सामानात आहे चाचा, पाठवते." ते सामान आता सापडलं म्हणायचं.

दगडाचं सर्फराज बघतो. त्याचे वडील तेव्हा जमातीचे प्रमुख होते, आता हा सेक्रेटरी आहे. मी त्याच्याकडे जाणार नाही. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. लाँच चालवून गुडघे गेले, आता कुणाच्या दारात उभं राहायला उरलेले नाहीत.

कागदात काय आहे ते आधी लिही. पाठवायचं मग बघू.

मुझफ्फर

•

हवल्ली
९ नोव्हेंबर २०२४

मुझफ्फरभाई,

तुम्ही मागितलं ते लिहिते. आधी जहाजाचं, कारण त्याशिवाय कागद कळणार नाही.

जहाज २५८ सप्टेंबर १९४४ मध्ये नागासाकीच्या गोदीतून बाहेर पडलं. लांबी सत्तर मीटर, म्हणजे आपल्या धक्क्याहून थोडं कमी. माणसं एकशे साठ. मालवाहू आणि सैनिक नेणाऱ्या जहाजांच्या काफिल्याबरोबर राहायचं आणि पाणबुडी आली तर तिच्यावर पाण्यात स्फोटकांची पिंपं टाकायची, हे काम. जपानला अशी जहाजं झटपट हवी होती, म्हणून बाकदार पत्रा वाकवायला वेळ लागतो तर सरळ कापून जोडला होता. अभिजीत म्हणतो, "मावशी, ही जहाजं वापरून टाकायलाच बांधली होती. तीन वर्षं टिकलं म्हणजे म्हातारं झालं."

ऑक्टोबर ते डिसेंबर त्याने जपान आणि सिंगापूरच्या मध्ये तीन काफिले नेले. अकरा जहाजांपैकी पाच पोचली. चौदा जानेवारी १९४५ ला सायगॉनकडे जाणारं एक जहाज पाणबुडीने बुडवलं. त्याच्या तळात सिंगापूरच्या गोदीत १९४२ पासून पकडून ठेवलेले खलाशी आणि मजूर होते. चाचा त्यातलेच. २५८ चाळीस मिनिटं थांबलं, त्र्याऐंशी माणसं उचलली आणि बाकीची समुद्रात सोडून निघून गेलं. हे दप्तरात एका ओळीत आहे. त्र्याऐंशींपैकी ज्याला बॉयलर येत होता त्याला बॉयलरवर लावलं.

एप्रिलमध्ये पाणसुरुंगाने मागची बाजू फाटली, दोन महिने दुरुस्तीत गेले. ऑगस्टमध्ये सिंगापुरातच शरणागती. ऑक्टोबरमध्ये तोफा उतरवल्या. नोव्हेंबर ते मार्च इंग्रजांच्या हुकमाखाली बेटांवरच्या पाच फेऱ्या. मग जपानी सैनिकांना मायदेशी पोचवलं आणि १९४७ मध्ये भंगारात गेलं.

एवढीच त्याची नोकरी. त्यात माणसांची नावं नाहीत. अभिजीत म्हणाला, "जहाजाची कुंडली दोन दिवसांत निघते, आगवाल्याची निघत नाही." म्हणून दुसरा कागद महत्त्वाचा. तो एका डच डॉक्टरने पेन्सिलने लिहिलेला आहे. भाषांतर माझं:

"मी साडेतीन वर्षं जपान्यांचा कैदी होतो. आगवाला याकूब याला ३ नोव्हेंबर १९४५ रोजी हिंदुस्थानला जाणाऱ्या जहाजावर जागा मिळाली होती. त्या वेळी जहाज २५८ वर बॉयलर सांभाळणारी निम्मी माणसं तापाने पडली होती आणि बेटांवरच्या छावण्यांत आमचे आजारी लोक मरत होते. मी याकूबला विचारलं, थांबशील का? त्याने आपली जागा दुसऱ्याला दिली. पाच फेऱ्यांत आम्ही सहाशे बारा माणसं आणली. त्याने शत्रूची नोकरी केली असा आरोप कोणी केल्यास हा कागद दाखवावा."

खाली सही आणि तारीख, २० मार्च १९४६. पाच फेऱ्या जहाजाच्या दप्तरातही आहेत. दोन्ही जुळतं.

१९७९ मध्ये पेन्सिल फार पुसट होती, म्हणून ते राहिलं. सोबत डॉक्टरच्या कागदाच्या आणि जहाजाच्या नोंदीच्या प्रती आहेत. त्या सर्फराजला दाखवा. दगडावर नाव यायलाच हवं. गुडघ्यांचं कारण सांगू नका.

फरहत

•

खारवाडी
२८ नोव्हेंबर २०२४

फरहत,

पत्र तीनदा वाचलं. मग धक्क्यावर जाऊन सत्तर मीटर मोजले.

सहाशे बारा हा आकडा मला ठाऊक होता. अब्बा सांगायचे. डॉक्टर लांबट होता, चष्म्याला दोरी बांधायचा, अब्बांना "याकोब" म्हणायचा, हेही सांगायचे. फावड्याने कोळसा टाकताना जपानी मुकादम मोजायला लावायचा, इची, नी, सान. ते त्यांच्या तोंडात बसलं होतं. म्हातारपणी विहिरीचे डोल ओढताना तसेच मोजायचे. मोहल्ल्यातली पोरं मागून ओरडायची, "इचीनीसान चाचा आला!" जहाजाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "बोट बिचारी काय करणार. आमचे वीस जण पाण्यात हाका मारत होते, तिने पाठ फिरवली. मग तिलाच पाच वेळा माणसं आणायला नेली मी." हे आम्ही गोष्टीसारखं ऐकायचो.

त्या दिवसापर्यंत. आता माझं ऐक, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ओट्यावरून घरी आलो आणि मी त्यांना विचारलं, "अब्बा, इतकी वर्षं खोटं का सांगितलंत?" मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, माझं लग्न ठरत होतं, मुलीकडचे लोक कुजबुजत होते. ते भिंतीला टेकून बसले होते.  मग म्हणाले, "शिकलेल्या पोरीने वाचलं म्हणजे तसंच असणार. डॉक्टरने मला फसवलं असेल. मला वाचता कुठे येत होतं?"

तेव्हापासून त्यांनी डॉक्टरचं नाव काढलं नाही. सहाशे बाराही बोलले नाहीत. कागद मागत राहिले, ते मला वाटतं एवढ्यासाठीच, की डॉक्टरने खरंच काय लिहिलं ते मरायच्या आधी कळावं. आणि मी त्यांची खाट पुढच्या पडवीत टाकली. पाहुण्यांना सांगायला बरं पडायचं की म्हातारा वेगळा राहतो.

आता तुझी पाळी. पेन्सिल पुसट नव्हती. तो कागद लहानपणापासून मी शंभरदा हातात घेतला आहे. अक्षर डासाच्या तंगड्यांसारखं होतं, पण काळं कुळकुळीत. तेव्हा नेमकं काय झालं ते लिही.

प्रती सर्फराजकडे नेल्या. गुडघे घेऊन गेलो. तो म्हणाला, "चाचा, झेरॉक्सवर काय सांगू लोकांना? फरहतखालांनी ओट्यावर सांगितलं होतं की काही नाही. त्यांनीच येऊन सांगावं की आहे." खोटं नाही त्याचं.

आणखी एक. एक्याण्णव साली तू कुवेतहून आलीस तेव्हा धक्क्यावर हार घेऊन सगळं गाव होतं. इराकी सैन्य घुसलेलं असतानाही आमची पोरगी दवाखाना सोडून आली नाही, असं सर्फराजचे वडील माइकवर म्हणाले. मी गर्दीत मागे होतो. तिथे तू कुणाकुणाचं रक्त तपासलंस हे तुला कुणीही विचारलं नाही.

मुझफ्फर

•

हवल्ली
१२ डिसेंबर २०२४

मुझफ्फरभाई,

तुम्ही खरं विचारलंत. मी दोन पत्रांत तुम्हाला खोटं लिहिलं. आता क्रमाने लिहिते.

१९७९. मला तो कागद वाचता आला नाही. एवढंच झालं होतं. मी छापील इंग्रजी शिकलेले. हाताचं, तेही डच डॉक्टरचं, पहिल्यांदाच पाहत होते. "याकूब" आणि "जहाज" एवढेच शब्द लागले. ओट्यावर चाळीस पुरुष होते. मी गावातली पहिली पदवीधर मुलगी. माझ्या वडिलांनी मला एस.टी.ने रत्नागिरीला शिकायला पाठवलं तेव्हा याच लोकांनी त्यांना नावं ठेवली होती. सर्फराजच्या वडिलांनी विचारलं, "बेटी, दुसऱ्यात काय आहे?" "मला वाचता येत नाही" हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. दुसरे निघाले. कागद मी मुद्दाम ठेवून घेतला. कॉलेजात प्रोफेसरांकडून वाचून घेईन आणि गुपचूप सुधारीन, असं ठरवलं होतं. मग लग्न ठरलं. मग कुवेत आलं.

इथे दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे दिवसाला दोनशे चिठ्ठ्या यायच्या, सगळ्या डॉक्टरांच्या हातच्या. दोन वर्षांत मी कुठलंही अक्षर वाचायला लागले. १९८३ च्या सुमारास मी तुमच्या अब्बांचा कागद सहज वाचू शकले असते. काढला नाही. आपल्याला येत नव्हतं ते आता येतं, हे तपासून बघायचीसुद्धा लाज वाटते, हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पटत नाही. चाचा तेव्हा हयात होते.

१९९०. सैन्य आलं तेव्हा बहुतेक लोक जॉर्डनमार्गे निघून गेले. माझे यजमान म्हणाले, आपणही निघू. प्रयोगशाळेत रक्त जुळवून देणारे आम्ही दोघेच उरलो होतो, म्हणून राहिले. जवळजवळ सात महिने. रक्त इथल्या लोकांचं तपासलं आणि त्या सैनिकांचंही. नळीवर नाव असतं, गणवेश नसतो. हो, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. परत आल्यावर मला हार घातला.

त्या हाराच्या दिवशी मी तुम्हाला मागे उभं असलेलं पाहिलं. तुम्ही निघून गेलात. मे १९९१ मध्ये इथे परतल्यावर मी कागद काढला आणि वाचला. पाच मिनिटं लागली. अभिजीतने मला कागद वाचून दिला नाही. मी तो तेहतीस वर्षांपूर्वी वाचला आहे. अभिजीतकडून फक्त जहाजाचा इतिहास घेतला. कागदाशेजारी दुसरा पुरावा ठेवला तर माझा उशीर कमी दिसेल, असं वाटलं असावं.

चाचा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी स्वतःला म्हटलं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो. ते तुम्हाला विचारायला हवं होतं, मग पडवीतली खाट मला तेव्हाच कळली असती. मी विचारलं नाही. दर सुट्टीत गावी येत होते, तुमच्या घरावरून जात होते. इमारत पाडणार नसते तरी हे पत्र मी लिहिलं असतं असं म्हणायला मला आवडेल. खरं हे की आदिलने दगडाचं सांगितलं तेव्हा मी घाबरले. वही बदलता येते, दगड नाही.

डॉक्टरने चाचांना फसवलं नव्हतं. फसवलं मी. तुमचा गुन्हा तुम्ही लिहिलात, तोही माझ्या खाती घ्या. तुम्हाला अठ्ठाविसाव्या वर्षी जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं: की मला काही ठाऊक नाही.

माझी मुलगी इक्रा कॅनडातून म्हणते, फोटो काढून पाठव आणि मोकळी हो. मी येते आहे. १७ जानेवारीला मुंबई, १८ ला गावी. अस्सल कागद माझ्या हातात असेल. सर्फराजला सांगा, ओट्यावर लोक बोलावू दे. हयात असतील ते सगळे.

फरहत

•

खारवाडी
३० डिसेंबर २०२४

फरहत,

पत्र मिळालं. आदिलचा भाऊ घेऊन आला. मी ते अब्बांच्या कबरीपाशी बसून वाचलं. मोठ्याने वाचलं नाही. ते तुझं काम.

दगडाचं सांगायचं तर तो बसला. कारागीर चिपळूणहून ठरल्याच्या आधी आला, त्याला पुढे दुसरं काम होतं. नावं कोरून, सिमेंट घालून एका दिवसात गेला. एकेचाळीस. सर्फराज स्वतः घरी आला होता. म्हणाला, "चाचा, खाली बोटभर जागा आहे, बारीक अक्षरात घालू." मी म्हटलं, माझ्या बापाने सहाशे बारा माणसं बारीक अक्षरात आणली नव्हती. मग तो म्हणाला की वहीत लिहू आणि पुढच्या मोसमात नाव घेऊ. वहीला मी हो म्हटलं. दगडाच्या बाजूला दुसरा दगड बसवायचा की नाही ते जमात ठरवील. मी असेन नसेन.

ये. दोन्ही कागद वाच, पहिला आणि दुसरा, त्याच क्रमाने. माइक नको. त्या दिवशी ओट्यावर होते त्यांतले चार जण जिवंत आहेत. एकाला ऐकू येत नाही, त्याच्या कानाशी वाच.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. मी स्वतःलाही तसं लिहिलेलं नाही. पण उतरायचं आमच्याकडे. तुझ्या घराची कौलं खचली आहेत, तिथे थंडीत मरशील. पुढच्या पडवीत नाही, आत.

खजूर आणू नकोस. दातांनी साथ सोडलीय.

मुझफ्फर

•

दिल्या-घेतल्याची नोंद

खारवाडी, रविवार, १९ जानेवारी २०२५, सकाळी साडेदहा. जागा: उर्दू शाळेचा ओटा.

हजर: जमातीचे सेक्रेटरी सर्फराज, मुझफ्फर याकूब होडेकर, आणि गावातले सव्वीस जण. १९७९ च्या बैठकीला असलेल्या चौघांपैकी तिघे आले. चौथ्याच्या घरी जाऊन त्याला वेगळं वाचून दाखवलं.

वाचलं: सिंगापूर बंदर कचेरीचा कागद (तो मुझफ्फरभाईंकडेच होता) आणि डॉक्टरचा कागद, दोन्ही इंग्रजीत आणि मराठीत, पूर्ण. त्यानंतर मी १९७९ मध्ये काय सांगितलं होतं आणि का, ते सांगितलं. एकाने विचारलं, "इतकी वर्षं का लागली?" उत्तर दिलं. ते इथे परत लिहीत नाही.

जमातीच्या वहीत अनुक्रमांक ४२ वर याकूब इब्राहिम होडेकर, आगवाला, हे नाव सर्फराज यांनी माझ्यासमोर लिहिलं. दगडावर नाव नाही.

मुझफ्फर याकूब होडेकर यांच्या हाती दिलं:

१. डॉक्टरचा पेन्सिलने लिहिलेला कागद, अस्सल, एक पान, दोन घड्या, उजवा कोपरा फाटलेला. तो कोपरा माझ्याकडे असतानाच फाटला.
२. त्याचं मराठी भाषांतर, माझ्या हातचं, सहीसह.
३. जपानी रक्षक जहाज क्रमांक २५८ ची बांधणीपासून भंगारापर्यंतची नोंद, नऊ पानं, अभिजीत यांनी काढून दिलेली.
४. १९७९ च्या बैठकीबद्दल माझा लेखी जबाब, तीन प्रती. एक त्यांना, एक जमातीला, एक माझ्याकडे.

अस्सल कागद जमातीच्या कपाटात ठेवावा असं सर्फराज यांनी सुचवलं. मुझफ्फरभाईंनी नकार दिला आणि तो खिशात ठेवला.

देणार: फरहत परकार
घेणार: मुझफ्फर याकूब होडेकर
साक्षीदार: सर्फराज

शेरा, घेणाऱ्याच्या हाताने: कागद मिळाले. ज्यांचे होते ते १९८६ साली वारले.